दुसऱ्या दिवसाची दया



ऑगस्ट महिन्याचा दुसरा रविवार भारतातील ख्रिस्तसभा तुरुंगसेवा रविवार म्हणून पाळते. तुरुंगसेवेचे आश्रयदाते संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचा १४ ऑगस्टचा सण याच सुमारास येतो. या रविवारी आपण बंदिवानांसाठी प्रार्थना करतो, दानाच्या थाळीत काही टाकतो आणि घरी जातो. आज घरी जाण्यापूर्वी आपण थोडे थांबू या आणि स्वतःला एक साधा प्रश्न विचारू या. उद्याची गोळी कोण देणार?

हा प्रश्न कोठून आला ते सांगायला हवे.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात प्रभू येशू शेवटच्या न्यायाचे चित्र उभे करतो. तेथे तो भुकेल्यांविषयी बोलतो, तहानेल्यांविषयी बोलतो, ज्याला आसरा नाही अशा परक्याविषयी बोलतो, आजाऱ्याविषयी आणि तुरुंगात असलेल्याविषयी बोलतो. आपण हा उतारा इतक्या वेळा ऐकला आहे की ही वेगवेगळी माणसे आहेत असे आपण धरून चालतो. आजाऱ्यांना भेटणारा गट वेगळा, तुरुंगात जाणारा गट वेगळा, गरिबांना धान्य देणारी सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी वेगळी. परंतु पुष्कळदा हे सर्व एकच माणूस असतो. तो आजारी असतो, तो तुरुंगात असतो, आणि सुटल्यावर त्याला घर नसते. त्याच्यासाठी कोणता गट आहे?

गेल्या उपवासकाळात आपण चर्चच्या दाराशी एक खोके ठेवले होते. घरात पडून असलेली औषधे आणा, ती तुरुंगातील बंदिवानांना आणि स्टेशनजवळच्या बेघरांना देऊ, असे आपण जाहीर केले होते. तुम्ही भरभरून दिले. चार रविवारांत खोके तीनदा भरले. आम्हाला आनंद झाला. मग एका शनिवारी संध्याकाळी आपल्याच धर्मग्रामातील फार्मासिस्ट असलेल्या एका ताईंना घेऊन आम्ही ती औषधे निवडायला बसलो.

काय होते त्या खोक्यात? मुदतीची तारीख कापली गेलेल्या स्ट्रिप होत्या. अर्ध्या वापरलेल्या खोकल्याच्या बाटल्या होत्या. उघडलेले डोळ्यांचे थेंब होते. पाच दिवसांच्या कोर्सपैकी उरलेल्या दोन-दोन अँटिबायोटिक गोळ्या होत्या. ताई म्हणाल्या, “फादर, या दोन गोळ्या उरल्या याचा अर्थ आपल्याच घरातल्या माणसाने कोर्स अर्ध्यावर सोडला.” रात्री दहापर्यंत बसून जे थोडेफार बरे वाटले ते आम्ही तुरुंगात घेऊन गेलो. तेथील दवाखान्यातील औषधनिर्मात्याने ते नम्रपणे परत केले. जी गोळी कोठे, किती उन्हात, कोणाच्या कपाटात पडून होती हे ठाऊक नाही, ती मी माझ्या रुग्णाला कशी देऊ, असे तो म्हणाला.

तो बरोबर होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली औषधदानाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. एकदा रुग्णाला दिलेली आणि त्याच्याकडून परत आलेली औषधे दान करू नयेत, आणि दान पोहोचेल तेव्हा औषधाची मुदत निदान एक वर्ष तरी शिल्लक असावी, असे त्यांत सांगितले आहे. जे मी माझ्या मुलाला देणार नाही ते दुसऱ्याच्या मुलालाही देऊ नये, इतकाच त्याचा अर्थ. हे समजायला आम्हाला एक संध्याकाळ आणि एक हेलपाटा लागला.

मंदिरातील भांडारात दोन नाणी टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपल्याला माहीत आहे. श्रीमंतांनी आपल्या विपुलतेतून टाकले, तिने आपल्या उणिवेतून टाकले. आपले खोके भरले ते विपुलतेतून. कपाट साफ झाले, मनही हलके झाले. पण ज्याच्यासाठी ते भरले त्याच्या हाती काही पडले नाही.

आता भल्या शोमरोन्याकडे वळू या. लूक हा वैद्य होता असे परंपरा मानते. त्याने लिहिलेली ही गोष्ट एखाद्या वैद्याच्या नजरेने वाचून पाहा. शोमरोनी जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो. ते त्या काळचे औषध. तो जखमा बांधतो, आपल्या जनावरावर त्या माणसाला बसवतो, उतारशाळेत नेतो. आपले प्रवचन सहसा येथेच संपते. पण लूकची गोष्ट येथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी शोमरोनी दोन दीनार काढून उतारशाळेच्या मालकाला देतो, याची काळजी घे म्हणतो, आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन असे वचन देतो.

पहिल्या दिवसाची दया भावनेतून येते. समोर रक्त दिसते आणि हृदय हलते. दुसऱ्या दिवशी रक्त दिसत नाही. दुसऱ्या दिवशी हिशेब असतो, व्यवस्था असते, पुन्हा येण्याचे वचन असते. औषध ही नेमकी दुसऱ्या दिवसाची गोष्ट आहे. एक भाकरी एका वेळची भूक भागवते. बीपीची एक गोळी, मधुमेहाची एक गोळी, फिट येऊ नये म्हणून घ्यायची एक गोळी उद्या पुन्हा घ्यावी लागते, परवाही घ्यावी लागते. क्षयरोगाची औषधे निदान सहा महिने रोज घ्यावी लागतात. मध्येच सोडली तर रोग परततो, आणि पुष्कळदा औषधांना दाद न देणारा होऊन परततो.

येथे आम्हाला आमची चूक कबूल केली पाहिजे.

आमच्या तुरुंगभेटीत एक तरुण नेहमी येऊन बसत असे. त्याला टीबी झाला होता आणि तुरुंगाच्या दवाखान्यात त्याचे औषध चालू होते. रोज सकाळी नाव पुकारले जाई, तो रांगेत उभा राही, औषध देणाऱ्यासमोर गोळ्या गिळी आणि तोंड उघडून दाखवी. तुरुंगात पुष्कळ औषधे अशीच देतात, हातात सगळी स्ट्रिप देत नाहीत, कारण गोळ्या साठवल्या जातात, विकल्या जातात, आणि निराश झालेला माणूस त्या एकदम घेऊ शकतो. तिसरा महिना चालू होता. त्याचे वजन वाढू लागले होते. त्याच्यासाठी आपण वकील पाहिला होता, जामिनाचे पैसेही काही कुटुंबांनी मिळून भरले होते. एके दिवशी दुपारी आदेश आला आणि संध्याकाळी तो दाराबाहेर होता. पुढच्या रविवारी आम्ही वेदीवरून देवाचे आभार मानले.

पाच आठवड्यांनी तो स्टेशनच्या पुलाखाली दिसला. खोकत होता. भावाने घरात घेतले नव्हते. औषध? औषध तुरुंगातच राहिले होते. कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात तेच औषध मोफत मिळते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही. आम्ही त्याच्या जामिनाचा विचार केला, त्याच्या सुटकेचा आनंद केला, पण उद्याची गोळी कोण देणार हे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. आम्ही त्याला केंद्रात नेले. पुन्हा थुंकीची तपासणी, पुन्हा औषधांची सुरुवात. आम्ही पहिल्या दिवसाचे शोमरोनी होतो, दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी कोणीच तेथे नव्हते.

हे एकट्या त्याच्याच बाबतीत घडले असे मानू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती. त्यांतील ४ लाख ३४ हजार, म्हणजे दर चारांतील तीन, कच्चे कैदी होते. ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही अशी ही माणसे. शिक्षा झालेल्याच्या सुटकेची तारीख आधी ठाऊक असते. कच्च्या कैद्याचा जामीन कधी येईल हे त्याला नाही, दवाखान्यालाही नाही. दार अचानक उघडते आणि माणूस रिकाम्या हाताने बाहेर पडतो.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील तुरुंगांतून सुटलेल्या ३० हजारांहून अधिक लोकांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका राज्यातील इतर लोकांच्या तुलनेत १२.७ पट होता. सर्वांत मोठे कारण होते अमली पदार्थांचा अतिरेक. आत असताना शरीराची सवय तुटलेली असते, बाहेर येऊन माणूस पूर्वीइतकेच घेतो आणि मरतो. आपली परिस्थिती तशीच आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ते पहिले दोन आठवडे लक्षात ठेवा. जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्निया राज्याला सरकारी आरोग्य विम्याखाली अशी सोय करण्याची परवानगी मिळाली की बंदिवानाचे उपचार सुटकेच्या ९० दिवस आधीपासून आखता यावेत आणि दाराबाहेर पडताना त्याच्या हाती ३० दिवसांची औषधे देता यावीत. दोन दीनार ते हेच.

आता तुरुंगाच्या दारातून रस्त्यावर येऊ या. बेघर माणसाला डॉक्टरने तपासले आणि गोळ्या दिल्या, म्हणजे काम झाले असे आपल्याला वाटते. त्या गोळ्या तो ठेवणार कोठे? त्याला कपाट नाही. पावसात पिशवी भिजते, रात्री झोपेत चोरीला जाते. जेवणानंतर घ्या असे पाकिटावर लिहिलेले असते, आणि त्या दिवशी जेवणच नसते. बीपीसाठी दिली जाणारी एक गोळी लघवी वाढवते. ज्याला शौचालय नाही तो, विशेषतः ती बाई, ती गोळी घेणारच नाही, आणि आपण म्हणणार, हे लोक औषध नीट घेत नाहीत. झोप आणणारी गोळी घेऊन फुटपाथवर झोपणे धोक्याचे असते. इन्सुलिनचा साठा थंड जागी ठेवावा लागतो, आणि त्याच्या डोक्यावर मे महिन्याचे ऊन असते. म्हणून अशा दवाखान्यात औषध देणाऱ्याने केवळ चिठ्ठी वाचून भागत नाही. कोठे झोपता, काय खाता, पाणी कोठून घेता, हे विचारल्याशिवाय त्याला औषध देता येत नाही.

अमेरिकेतील बॉस्टन शहरात १९८५ साली डॉ. जिम ओकॉनेल नावाचे तरुण डॉक्टर बेघरांच्या सेवेसाठी आले. पाइन स्ट्रीट इन या निवाऱ्यात बार्बरा मॅकिनिस नावाच्या परिचारिका होत्या. त्यांनी डॉक्टरांना स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला सांगितले आणि आलेल्यांचे पाय पाण्यात भिजवून धुवायला लावले. काही आठवडे त्यांनी तेच केले. आधी विश्वास, मग औषध, असा तो धडा होता. पवित्र गुरुवारी आपण पाय धुण्याचा विधी पाहतो, तेथे तो विधी नव्हता, रोजचे काम होते. डॉक्टर एका वर्षासाठी म्हणून आले होते. पुढची अनेक दशके ते तेथेच राहिले.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या लोकलच्याच मार्गावर बोरिवलीला डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे काम सुरू केले. नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिणारा एक तरुण त्यांना दिसला होता. त्यांनी त्याला आणून उपचार केले. तो बरा होऊ लागल्यावर कळले की तो आंध्र प्रदेशातील पदवीधर आहे आणि त्याचे घर त्याला शोधत आहे. ज्याला आपण वेडा म्हणून वळसा घालतो त्याच्या आणि त्याच्या आईच्या मध्ये कधीकधी नियमित औषधांचे काही आठवडेच असतात. या कामासाठी डॉ. वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बंधुभगिनींनो, ही दया फक्त डॉक्टरांनाच जमते असेही नाही. येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० पासून तळोजा तुरुंगात होते. वय ८३. कंपवाताने हात थरथरत. पेला धरता येत नसल्याने पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायालयात अर्ज करावा लागला. त्यांच्या जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच ५ जुलै २०२१ रोजी मुंबईतील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. आत असताना सोबतचे बंदिवान त्यांना खाण्यापिण्यात मदत करीत. ज्यांच्यावर स्वतःचेच संकट होते अशा माणसांनी आज, उद्या आणि परवा तो पेला धरला. त्यांना कोणी शोमरोनी म्हटले नाही. पण प्रभू ज्यांना उजव्या बाजूला बोलावील त्यांत ते असतील अशी आमची आशा आहे.

काही जण विचारतील, आणि आम्हाला विचारलेही आहे, की आपल्या घरातील म्हातारीच्या औषधाला पैसे पुरत नाहीत, मग चोराच्या गोळीची काळजी आपण का करायची? हा प्रश्न रागाचा नाही, खर्चाच्या ओझ्याचा आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. पहिले उत्तर कायद्याचे. तुरुंगात वैद्यकीय अधिकारी असावा आणि आजारी बंद्यांसाठी रुग्णालय किंवा योग्य जागा असावी, हे इंग्रजांच्या १८९४ च्या तुरुंग कायद्यातसुद्धा लिहिलेले होते. न्यायाधीश स्वातंत्र्य काढून घेण्याची शिक्षा देतो, औषध काढून घेण्याची देत नाही. दुसरे उत्तर व्यवहाराचे. भरलेल्या बरॅकीतला टीबी भेटीच्या खोलीतून आणि सुटकेच्या दारातून आपल्याच गाडीत, आपल्याच बाकावर येऊन बसतो. पण ही दोन्ही उत्तरे नसती तरी तिसरे पुरेसे आहे. मत्तयच्या त्या अध्यायात प्रभूने बंदिवान निर्दोष असल्याची अट घातलेली नाही. आणि घरातील म्हातारीची गोळी ज्या हाताने आपण रोज देतो, त्याच हाताला ही दया जमते. ती आपल्याला नवी शिकायची नाही.

म्हणून यंदा आपण चार गोष्टी करणार आहोत.

पहिली, दाराशी ठेवलेले खोके आपण काढून टाकत आहोत. घरातील उरलेली औषधे कोणालाही देऊ नका, उघड्यावर टाकूही नका, आपल्या केमिस्टला विचारून त्यांची विल्हेवाट लावा. आणि अँटिबायोटिक अर्ध्यावर सोडू नका.

दुसरी, औषध द्यायचे असेल तर ते नवे, डॉक्टरच्या चिठ्ठीप्रमाणे, फार्मासिस्टच्या हातून आणि पूर्ण कोर्सचे द्यायचे. त्यासाठी ज्यांना जमेल त्यांनी महिन्याला एका माणसाच्या एका आठवड्याच्या औषधाचा खर्च उचलावा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती दर महिन्याला हवी.

तिसरी, बेघर भावाबहिणींची औषधे ठेवण्यासाठी धर्मग्रामाच्या कार्यालयात कुलूप असलेले एक कपाट ठेवले आहे. आपल्यातील फार्मासिस्ट आणि परिचारिका त्याची देखरेख करतील. प्रत्येकाचे नाव, प्रत्येकाची गोळी, आणि सकाळच्या मिस्सेनंतर एक पेला पाणी. ज्यांना औषधातले काही कळत नाही त्यांनी तो पेला धरावा.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण. बंदिवान सुटला की दोन कुटुंबांनी पहिले पंधरा दिवस त्याला सोबत करायची. दारावर न्यायला जायचे, कागद पाहायचे, दुसऱ्याच दिवशी त्याला जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचे, आणि पंधरा दिवस रोज एकच प्रश्न विचारायचा, आजची गोळी घेतली का?

पंधरा दिवसच का? त्याचे उत्तर संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांच्याकडे आहे. १९४१ च्या जुलैअखेर आउश्वित्झच्या छळछावणीत दहा बंदिवानांना उपासमारीने मारण्यासाठी निवडले गेले. त्यांतील फ्रान्सिसेक गायोव्निचेक हा आपल्या बायकामुलांच्या आठवणीने रडू लागला, आणि फादर कोल्बे त्याच्या जागी पुढे आले. आपण त्यांचे ते एक पाऊल आठवतो. पण ते पाऊल टाकून झाल्यावर ते सुमारे दोन आठवडे त्या काळकोठडीत इतरांसोबत राहिले. त्यांनी प्रार्थना म्हटल्या, मरणाऱ्यांना धीर दिला. अखेर १४ ऑगस्टला कार्बोलिक ॲसिडचे इंजेक्शन देऊन त्यांना मारण्यात आले. ज्या सुईने बरे करायचे त्याच सुईने तेथे मारले गेले. गायोव्निचेक मात्र जगला, आणि १९८२ साली कोल्बे यांना संतपद जाहीर झाले तेव्हा तो तेथे हजर होता.

त्यांच्याजवळ औषध नव्हते, भाकरी नव्हती, पाणीही नव्हते. तरी ते दुसऱ्या दिवशी तेथे होते, आणि चौदाव्या दिवशीही होते. आपल्याजवळ औषध आहे. आपण पंधरा दिवस उभे राहू शकणार नाही का?

प्रार्थना करू या. हे प्रभू येशू, तू आजाऱ्यांना स्पर्श केलास आणि स्वतः बंदिवान झालास. आम्ही तुला एकदा भेटून विसरलो, आमची क्षमा कर. उरलेसुरले देण्याची सवय आमच्यापासून दूर कर. तुरुंगात आणि रस्त्यावर औषध देणाऱ्या हातांना बळ दे, आणि ज्याला आज रात्री उद्याच्या गोळीची खात्री नाही त्याच्या दाराशी सकाळी आमच्यापैकी एकाला उभे कर. आमेन.